गाळणी सातवर

कारवीमाळ ही वाडी त्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता होती आणि अकरा पस्तीसला नव्हती. मागचा डोंगर पाच मिनिटांत खाली आला आणि तेवीस घरं पोटात घालून गप्प झाला. वनिता तिथं हेलिकॉप्टरमधून उतरली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वच्छ ऊन पडलं होतं आणि समोर लाल चिखलाचा नुसता उतार होता. मधूनच एखाद्या पत्र्याचं वाकडं टोक वर आलेलं. माणूस म्हणून कोणी दिसत नव्हतं.

आठवडाभर झोडपून पाऊस त्याच सकाळी उघडला होता. उघडीप मिळाली म्हणून बायकांनी लांबलेलं डोहाळजेवण उरकून घ्यायचं ठरवलं, आणि पुरुष खाली रस्त्याच्या कामावर गेले. त्यामुळे गाडल्या गेलेल्या चौदा जणांत बारा बायका होत्या. त्यातली एक नंदाताई, वनिताची थोरली बहीण. आई गेली तेव्हा वनिता सहा वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं होतं, आणि ताईला स्वतःचं मूल नव्हतं.

पथकाचे प्रमुख जगदाळे साहेब यांना हे ठाऊक होतं.

"वनिता, मन थाऱ्यावर नसेल तर तू बाजूला बस. यंत्र दुसऱ्या कुणाकडे देतो."

"दुसऱ्या कुणी ही वाडी पाहिलेली नाही, साहेब. मी घर न् घर हिंडलेय. इथली नोंद मीच केलीय."

"म्हणूनच विचारतोय."

"मी ठीक आहे."

ती ठीक नव्हती हे सांगायला नकोच. पण हात सवयीनं चालत होते. तिनं पेटी उघडली, खुर्ची मांडली, पडदा जोडला आणि चारही ड्रोन उतारावर सोडले. पथकातले लोक त्यांना घारी म्हणत, आणि यंत्राला म्हणत 'कान'.

धातू शोधायचं साधं यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मॉलच्या दारात किंवा देवळाच्या रांगेत. तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते एखाद्या धातूला शिवलं की त्या धातूतही विजेचे बारीक भोवरे उठतात आणि तो धातू उलट उत्तर देतो. हे उत्तर किंचित उशिरा येतं, आणि किती उशिरा, हे धातूगणिक बदलतं. लोखंडाचा उशीर वेगळा, सोन्याचा वेगळा, चांदीचा त्याहून वेगळा. त्या उशिरावरून यंत्र प्रत्येक वस्तूला एक आकडा देतं. मग शोधणाऱ्यानं ठरवायचं, कुठले आकडे ऐकायचे आणि कुठल्या आकड्यांकडे काणाडोळा करायचा. या ठरवण्याला म्हणतात गाळणी. समुद्रकिनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या शोधणारे हौशी लोक पूर्वीपासून गाळणी लावूनच फिरत, नाहीतर त्यांना प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा खणावा लागला असता.

'कान'मध्ये नवी होती ती त्याची पोच. कृत्रिम स्फटिकांपासून बनवलेले, घारींच्या पोटाला लावलेले त्याचे सेन्सर जमिनीखाली आठ मीटरवरची नाकातली चमकीदेखील टिपत. एवढ्या तीक्ष्ण कानाला गाळणी जास्तच लागे. तिचे शून्य ते दहा असे टप्पे होते. शून्यावर सगळं ऐकू यायचं: पत्रे, मोळे, बादल्या, तारा, विळ्या. तेवीस घरांच्या वाडीत असे चार हजार ठिपके पडद्यावर उगवत आणि खणणारे हात बारा. सातवर नेली की लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम गळून जाई आणि माणसाच्या अंगावरचं तेवढं उरे.

तरी दोन खोडी राहतच. पातळ ॲल्युमिनियम आणि पातळ सोनं यांचे आकडे शेजारीशेजारी पडतात. एकाला गाळायला जावं तर दुसरंही हातचं जातं. आणि मोठ्या लोखंडाच्या पोटाशी बारीक चांदी असेल, तर लोखंड गाळताना तीही त्याच्याबरोबर गळते. पथकातल्या प्रत्येकाला हे प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण मागच्या दोन पावसाळ्यांत या यंत्रानं सात माणसं जिवंत काढून दिली होती, आणि जे चालतंय त्याच्या खोडी कोण आठवत बसतो?

पहिल्या खोडीवर उपाय म्हणून धातुनोंद निघाली. दरड कोसळण्याची भीती असलेल्या प्रत्येक गावात पावसाळ्याआधी जायचं आणि माणसामाणसाच्या अंगावर रोज काय धातू असतो ते हातातल्या यंत्रानं टिपून, फोटो काढून नावापुढे चढवायचं. कुणाची जोडवी, कुणाच्या मंगळसूत्राची वाटी, कुणाच्या मांडीतला स्क्रू. त्या सगळ्याची मिळून एक खूण होते, आणि ती खूण मातीखाली कुठं आहे ते यंत्र सांगतं. नोंदीत नसलेलं सगळं कचरा समजायचं.

कारवीमाळची नोंद वनितानं एप्रिलमध्ये केली होती.

ती त्या दिवशी ताईच्याच पडवीत बसली होती. समोर ताक, भाकरी आणि ताईचा बडबडीचा पट्टा. एकेक बाई यायची आणि पाटावर बसायची. पहिल्या दोघींना टिपून झाल्यावर वनिताच्या लक्षात आलं, की तिसरीच्याही गळ्यात तीच मोहनमाळ आहे आणि हातात त्याच चार पाटल्या. आतल्या खोलीत ताई एकीच्या अंगावरून काढून दुसरीच्या अंगावर चढवत होती. दागिने ताईचेच, तिच्या सासूकडून आलेले. वाडीत तेवढंच काय ते खरं सोनं होतं.

"ताई, हे काय चालवलंयस? रोज अंगावर असतं ते लिहायचंय. लग्नाचे फोटो नाहीत हे."

"आसूं दे गं. सरकारच्या दप्तरात फोटू जानार. बायांनी काय भुंड्या हातानं बसायचं व्हय? आपलीच मान्सं हायती."

आपलीच माणसं. त्या वाडीत सोयरिकीला, बारशाला, ओटीभरणाला ताईची माळ घरोघर फिरायची आणि संध्याकाळी बिनबोभाट परत यायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वनितालाही हसू आलं. भागूबाई म्हणून एक म्हातारी होती, धोंडिबाची बायको. माळ घालून ती फोटोला बसली आणि मग दोनदा फोटो पाहायला मागितला. "ही म्या व्हय?" असं म्हणून ती जी लाजली, की पडवीतल्या सगळ्या बायका हसून हसून लोळल्या. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती, 'दागिने स्वतःचे व रोजच्या वापरातले आहेत.' तिच्यापुढे वनितानं अकरा वेळा होकाराची खूण केली. एवढ्यानं काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं. तुम्हाआम्हालाही तसंच वाटलं असतं.

एक पंचवीसला पडद्यावर पहिलं चित्र आलं.

गाळणी सातवर होती. सगळा उतार काळा, आणि त्यावर मोजून तीन ठिपके. दोन फोन, खालच्या बाजूला. आणि वरच्या अंगाला, चार मीटर खोल, एक पिवळाधमक ठिपका. मोहनमाळ आणि चार पाटल्या. त्याच्या शेजारी यंत्रानं नावं दाखवली. अकरा नावं, एकाखाली एक.

जगदाळे वाकून पाहत होते. "एका खुणेला अकरा नावं? ही काय भानगड?"

 खरं सांगायची वेळ तीच होती आणि ते वनिताला कळत होतं. नोंद खोटी निघाली तर काय करायचं याचा नियम ठरलेला होता. गाळणी दोनवर आणायची, लोखंडसुद्धा उघडं ठेवायचं, आणि खालच्या कडेपासून चौकोन आखत वर सरकायचं. ताईचं घर सगळ्यात वर. तिथवर पोचायला संध्याकाळ झाली असती. आणि गप्प राहिलं तर? वाडीत खरं सोनं एकीचंच होतं, आणि यंत्र त्या सोन्यावर बोट ठेवून उभं होतं. तास-दोन तासांचा प्रश्न. ताई बाहेर आली की सांगून टाकू. नोकरीचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो मागून आला.

"एकाच सोनाराचा नमुना असणार, साहेब," ती म्हणाली. "इकडं सगळ्या जणी तसलीच माळ करून घेतात. पण पाटल्यांचं वजन जुळतंय ते नंदा शेडगेच्या."

जगदाळेंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. नंदा शेडगे कोण ते त्यांना माहीत होतं. पण यंत्रही तेच म्हणत होतं.

"बरं. दोघं-दोघं फोनवर जा, बाकी सगळे वर. गाळणी?"

"सातवरच राहू द्या."

खणणं सुरू झालं. फोन तासाभरात सापडले आणि त्यांच्याबरोबर ते दोन पुरुषही. दोघंही गेलेले. वरच्या खड्ड्यात मात्र चिखल आत ओघळत होता. फूटभर काढावं तर अर्धा फूट परत भरायचा. छोटं खोदयंत्र, पंप, डोक्यावरच्या घारी, सगळ्यांचा मिळून एकच घोष चालला होता. 'कान' येण्यापूर्वी पथकात एक रीत होती. दर अर्ध्या तासानं शिट्टी व्हायची, सगळी यंत्रं बंद, सगळी माणसं गप्प, आणि दोघं-तिघं जमिनीला कान लावून पालथी पडायची. आता ते कुणी करत नसे. यंत्राला माणसापेक्षा चांगलं ऐकू येतं, मग काम कशाला थांबवायचं?

अडीचच्या सुमारास धोंडिबा तिच्या खुर्चीपाशी आला. सकाळी म्हशी चारायला वर कातळाच्या सड्यावर गेला होता म्हणून वाचलेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, डोक्याचं मुंडासं कुठं पडलं त्याचा पत्ता नाही.

"पोरी, माझी भागी दिसती का ह्यात?"

"शोधतोय, बाबा."

"न्हाई, तुझं यंतर सोनं हुडकतंय म्हनं. तो सायेब सांगत व्हता." तो खाली वाकला आणि आवाज उतरवून बोलला, जणू चारचौघांत बायकोची लाज राखत होता. "तिच्या अंगावर कुटलं सोनं? ती माळ तुझ्या भनीची. फोटूपुरती घातली व्हती. पायात जोडवी हायती, ती बी जर्मनची, चांदीची न्हाईत. तसं सांग की त्याला."

वनितानं आजूबाजूला पाहिलं. जगदाळे वर खड्ड्याशी होते.

"बाबा, नोंदीत आहे ते यंत्राला माहीत आहे. ते बरोबर शोधतं. तुम्ही तिकडं झाडाखाली बसा. पाणी घ्या."

"पर—"

"बाबा, बसा म्हटलं ना."

सरकारी माणसाच्या त्या आवाजापुढं म्हाताऱ्यांचं काही चालत नाही. तो जाऊन बसला. वनिताला स्वतःची शरम वाटली. तिनं ती शरम दाबली आणि पुन्हा पिवळ्या ठिपक्याकडे डोळे लावले. अजून तासभर, फार तर दीड.

पाचला पाच मिनिटं कमी असताना वरून आरोळी आली, "हात! हात दिसतोय!"

वनिता खुर्ची पाडून धावली. खड्ड्याच्या तळाशी दोन वाशांच्या कैचीत एक पोकळी राहिली होती आणि तिच्यातून कोपरापर्यंत एक हात वर आला होता. चिखलात माखलेला, आणि मनगटावर पाटल्या. बोटं हलली.

"ताई!" ती कुणालाही न जुमानता खाली उतरली आणि तिनं तो हात दोन्ही हातांनी धरला. "ताई, मी वनी आहे गं. मी आलेय."

पंधरा मिनिटांनी वासा बाजूला सरकला. कुणीतरी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. नाकात चमकी, कपाळावर मळवट, वय बावीस-तेवीस. शेजारच्या घरची सून पल्लवी. जिच्यासाठी डोहाळजेवण होतं ती. तिच्या गळ्यात ताईची मोहनमाळ होती.

वरती माणसं आनंदानं ओरडत होती. डॉक्टर म्हणत होते, बाळाचे ठोके लागतायत. वनितानं तो हात सोडून दिला. त्या क्षणी तिला आनंद झाला नाही, आणि हे तिला पुढं कधीही स्वतःपासून लपवता आलं नाही. तिला वाटलं होतं ते एवढंच, की ही का?

"नंदाकाकू कुटं हाय?" पल्लवी विचारत होती. दात वाजत होते तिचे. "त्यांनीच घातली मला माळ. म्हनल्या, मधी बसनारीच्या अंगावर सोनं पायजे."

"त्या कुठं होत्या? पल्लवी, कुठं होत्या त्या?"

"मागं. त्यांच्याच पडवीत, पत्र्याखाली. चुलीपाशी. पोळ्या लाटत व्हत्या भागूमावशी, आन् काकू भाजत व्हत्या."

वनिता खड्ड्यातून वर आली आणि जगदाळेंच्या समोर उभी राहिली. सगळं पथक ऐकत होतं. तिनं आवाज खाली आणला नाही.

"साहेब, नोंद खोटी आहे. माळ एकच आहे. एप्रिलमध्ये अकराही जणींनी तीच घालून फोटो काढले. मला माहीत होतं. नोंद करतानाही, आणि दुपारीही."

 जगदाळे म्हणाले, "दुपारीही."

"हो."

"यंत्र शून्यावर घ्या." दहा वर्षांत ते तिला पहिल्यांदाच अहोजाहो करत होते. "बाकीचं नंतर."

पाच वीसला तिनं गाळणी उघडली.

काळा उतार लाल ठिपक्यांनी भरून गेला. चार हजारांहून जास्त. पत्रे, चौकटी, मोळे, हंडे, अख्खी वाडी. ताईच्या घरामागची पडवी कुठं असायला हवी याचा वनितानं अदमास घेतला. तिथं पत्र्याचा मोठा लाल डाग होता, फक्त दोन मीटर खोल. तिच्या खुर्चीपासून बावीस पावलांवर.

आणि मग यंत्रानं तिनं न मागितलेली एक गोष्ट दाखवली. गाळणी म्हणजे न ऐकणं नव्हे. यंत्र सगळंच ऐकत असतं, फक्त माणसाला दाखवत नाही. गाळलेलंही ते आपल्याजवळ साठवून ठेवतं. आता गाळणी निघाल्यावर त्यानं आपण होऊन एका ठिपक्याभोवती पांढरं वर्तुळ काढलं. त्या पत्र्याखालची एक लोखंडी वस्तू. वीतभर लांब, चपट्या तोंडाची. शेजारी लिहून आलं, 'हालचाल आढळली. सुरुवात एक पंचवीस. शेवट चार वाजून पाच.'

वनितानं ते दोनदा वाचलं. एक पंचवीस म्हणजे घारी उडाल्या तेव्हापासून. यंत्रानं ऐकायला सुरुवात केली त्या मिनिटाला ती वस्तू हलत होती. वर-खाली, वर-खाली. कुणीतरी ती पत्र्यावर आपटत होतं.

दोन मीटर खणायला पाऊण तास लागला. तोवर त्या लाल ठिपक्यांतून आणखी तिघी सापडल्या. कुणाच्या उशाशी हंडा, कुणाच्या पायाशी विळी. एकही जिवंत नव्हती.

पडवीचा पत्रा कटरनं कापून उचलला तेव्हा खाली पोकळी होती, बसल्या माणसाएवढी. आत दोघी. नंदाताईच्या मानेवर आडवी तुळई पडली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि वनिताच्या खांद्यावर हात ठेवला. "यांना काही कळलंही नसणार. जागच्या जागी." पायांतली चांदीची जोडवी दिसत होती. पत्र्याखाली होती म्हणून पत्र्याबरोबर गळलेली.

भागूबाईच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. ती पाय पोटाशी घेऊन बसल्यासारखी होती. हवा पुरली नाही एवढंच. उजव्या मुठीत उलथनं होतं, पोळ्या भाजायचं. त्याची कड आपटून आपटून वाकली होती, आणि पत्र्याला आतल्या बाजूनं एका ठिकाणी पोचे पडले होते.

"फार वेळ नाही झाला," डॉक्टर हळू आवाजात जगदाळेंना म्हणाले. "तास, दीड तास."

दोघींना चादरीत गुंडाळून वर आणलं. वनिता ताईजवळ बसली. तिला रडू येत नव्हतं. मनात एक हिशेब आपोआप जुळत होता आणि तो तिला थांबवता येत नव्हता. दुपारी गप्प राहिली ती ताईसाठी. आणि ताई तेव्हा नव्हतीच. अकरा पस्तीसलाच गेली होती ती. मग गप्प राहून तिनं केलं काय, तर एक बाई पत्रा वाजवत होती आणि तिला मरू दिलं.

धोंडिबा आला. चादरीशी उकिडवा बसला. भागूबाईच्या तोंडावरची चादर त्यानं वर केली, पाहिलं आणि परत नीट झाकली. मग उठून वनितापाशी आला. तिला वाटलं, आता हा मारणार. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लई हाल झालं गं तुझ्या भनीचं. ती पोरं बोलत व्हती, कुनीतरी उलथनं वाजवत व्हतं म्हनून. पोळ्या नंदाच भाजती." त्यानं चादरीकडे पाहिलं. "माझी एका झटक्यात गेली आसंल. तेवडं देवानं बरं केलं. अंधाराला लई भ्यायची ती. रातचं परसाकडं जायला बी मला उठवायची."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यानं म्हाताऱ्याची उरलेली वर्षं सुखात नाही, पण निभावली असती. दुपारी जसं गप्प राहणं सोपं होतं तसंच आताही होतं, आणि आता तर त्याला दया म्हणता आली असती. दया आणि स्वतःची सोय यांचे आकडे इतके शेजारीशेजारी पडतात, की कुठला कुठला ते तिला त्या घडीला सांगता येईना. एवढंच कळत होतं, की आज दिवसभर तिनं जे जे या म्हाताऱ्यापासून गाळलं ते त्याचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "उलथनं भागूमावशींच्या हातात होतं. ताई आधीच गेली होती."

त्यानं हात काढून घेतला. "म्हंजी?"

"वाजवत होत्या त्या मावशी होत्या. एक पंचवीसला यंत्र लावलं तेव्हापासून चार वाजून पाच मिनिटांपर्यंत. यंत्राला ते ऐकू येत होतं. मी लोखंड गाळून टाकलं होतं म्हणून आम्हाला दिसलं नाही."



"म्या तुला सांगाय आलो व्हतो. माळ तिची न्हाई म्हनून."

"हो."

"तू म्हनलीस, बसा."

"हो. मला तुमच्या आधीपासून माहीत होतं, बाबा. मला ताईला आधी काढायचं होतं."

खाली घारी बॅटरी बदलायला एकेक करून उतरत होत्या, उरलेल्या सहा जणींसाठी खणणं चालूच होतं. पल्लवीला घेऊन हेलिकॉप्टर केव्हाच गेलं होतं.  धोंडिबा चालत यंत्रापाशी गेला आणि पडद्यासमोर उभा राहिला.

"दाव," तो म्हणाला.

"बाबा, नका बघू."

"दाव म्हंतोय न्हवं."

वनितानं साठवलेलं लावलं. दोन तास चाळीस मिनिटं यंत्रानं दीड मिनिटात दाखवली. काळ्या पडद्यावर एकच लाल ठिपका, वर-खाली होणारा. सुरुवातीला भराभर, चिडल्यासारखा. मग तीन-तीनदा आणि मधे विसावा. अडीचच्या सुमारास थोडा जोर आला. धोंडिबा खुर्चीपाशी येऊन बोलत होता तीच वेळ. मग विसावे लांबत गेले. तीननंतर एकदा इतका लांबला की संपलंच असं वाटलं, आणि पुन्हा चार ठोके. पुन्हा दोन. चार वाजून पाचला एक, अर्धवट वर गेलेला. मग ठिपका तिथंच थांबला.

धोंडिबानं बोट पुढं करून पडद्याला लावलं, ठिपक्याच्या अगदी जवळ.

"तवा तू कुटं व्हतीस?"

"इथंच," वनिता म्हणाली. "या खुर्चीवर."

त्यानं खुर्चीकडे पाहिलं. तिथून कापलेल्या पत्र्यापर्यंत नजर नेली. मधे काहीच नव्हतं, नुसता चिखल, आणि त्यावर माणसांच्या जाण्यायेण्याच्या पावलांचे ठसे. मग तो पडद्यासमोर खाली मांडी घालून बसला, घरात बसावं तसा.

"परत लाव," तो म्हणाला.

तिनं परत लावलं.